फेकलेला दगड हवेंत किती वेळ राहतो?



आज मी आपणांपुढें एक अगदीं साधा प्रश्न ठेवणार आहें. आपण आपल्या घराच्या गच्चीवर, कठड्यापाशीं उभे आहांत असें समजा. समोर सपाट मैदान आहे. आपल्या दोन्ही हातांत एकेक चेंडू आहे. दोन्ही चेंडू वजनानें व आकारानें अगदीं सारखे. उजव्या हातांतला चेंडू आपण सर्व बळ एकवटून समोर आडवा, म्हणजे ना वर ना खालीं, असा भिरकावलात. आणि ज्या क्षणीं तो हातांतून सुटला, त्याच क्षणीं डाव्या हातांतला चेंडू तितक्याच उंचीवरून नुसता सोडून दिलात. डावा चेंडू भिंतीच्या पायथ्याशीं पडेल, उजवा दूर मैदानांत जाऊन पडेल. प्रश्न इतकाच, कीं जमिनीला आधीं कोणता चेंडू लागेल?

उत्तर देण्याची घाई करूं नका. शेजारीं बसलेल्या घरच्या मंडळींस विचारून पहा. बहुतेकांचें उत्तर असें येतें, कीं नुसता सोडलेला चेंडू आधीं पडेल. कारण दुसऱ्याला लांबचा पल्ला गाठावयाचा आहे, आणि लांबच्या वाटेला वेळ अधिक लागणें हें ओघानेंच आलें. थोडे लोक ह्याच्या उलट सांगतात. जोरानें फेकलेल्या वस्तूच्या अंगीं वेग असतो, म्हणून ती आधीं पोंचेल, असा त्यांचा युक्तिवाद. दोन्ही पक्ष चुकले आहेत. दोन्ही चेंडू एकाच क्षणीं जमिनीला लागतात.

मी स्वतः पहिल्या पक्षाचा होतों. आणि नुसता होतों एवढेंच नव्हे, तर मास्तरच्या खुर्चीवर बसून तें चुकीचें उत्तर मीं कित्येक वर्षें मुलांस शिकविलें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तोफेचा गोळा, गोफणीचा दगड, चेंडू ह्यांच्या गतीचा विचार मीं कधीं स्वतंत्रपणें केलेला नव्हता. वाटलें तें सांगितलें. ही चूक कशी उघडकीस आली तें सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं, कारण विषयाचें मर्म त्यांतच आहे.

आमच्या धाराशिव जिल्ह्यांत, तुळजापूर तालुक्यांत, बोरी नदीच्या कांठीं नळदुर्गचा किल्ला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकीर्दींत, १६१३ सालीं, किल्ला आणि समोरचें रणमंडळ ह्यांच्या मध्यें नदीवर दगडी बंधारा घालण्यांत आला व त्या बंधाऱ्याच्या पोटांतच पाणीमहाल बांधण्यांत आला. पावसाळ्यांत बंधारा भरला म्हणजे पाणी दोन ठिकाणांहून खालीं कोसळतें. लोक त्या दोन धबधब्यांस नर आणि मादी म्हणतात. महालाच्या झरोक्यांत उभें राहिलें तर डोळ्यांसमोरून पाण्याचा पडदा खालीं जात असतो, परंतु तो आंत शिरत नाहीं.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका भाद्रपदांत मी सातवीच्या मुलांना घेऊन तेथें गेलों होतों. तटाच्या एका उंच कडेला, खालीं कोणी नाहीं असें पाहून, मुलांनीं दगड फेकण्याची स्पर्धा मांडली. मास्तरला अशा वेळीं गप्प बसवत नाहीं. मीं त्यांना थांबवून ज्ञान दिलें, कीं मुलांनो, जो दगड जास्त लांब जाईल तो जास्त उशिरां पडेल. एक मुलगा मागच्या बाजूला उभा होता. हिंवाळ्यांत ज्वारीच्या शेतांत माळ्यावर उभा राहून गोफणीनें पांखरें उठविण्याचें काम त्याच्याकडे असे. तो म्हणाला, “गुर्जी, सरळ हाणलेला न् नुसता सोडलेला, दोन्हीबी संगंच पडत्यात की.” मुलें हंसलीं. मींही हंसलों, आणि त्याला गप्प केलें.

पुढें सहामाही परीक्षेंत मीं मुद्दाम तोच प्रश्न दोन गुणांना घातला. साऱ्या वर्गानें माझें उत्तर लिहिलें. त्या एकट्यानें लिहिलें, “दोन्ही एकदम पडतील.” मीं लाल शाईनें त्यावर फुली मारली.

दिवाळीच्या सुटींत एक जुनें पुस्तक चाळीत असतांना मला त्याच प्रश्नाचें उत्तर छापलेलें आढळलें, आणि तें त्या मुलाचें उत्तर होतें! माझा विश्वास बसेना. घरांत मुलें कॅरम खेळत होतीं. त्यांच्याकडून मीं दोन सोंगट्या घेतल्या व बाहेर ओट्यावर आलों. आमचा ओटा चार फूट उंच, आणि खालीं शहाबादी फरशी. एक सोंगटी मीं ओट्याच्या अगदीं कडेवर, जवळजवळ निम्मी बाहेर डोकावेल अशी ठेवली. दुसरीला थोड्या मागून टिचकी अशी मारली, कीं कॅरमच्या खेळांत आपण निसटता मार मारतों त्याप्रमाणें ती पहिलीला नुसती चाटून पुढें जावी. पहिली सोंगटी ओट्याच्या पायथ्याशीं पडली. दुसरी उडून अंगणांत सहा-सात फुटांवर गेली. मीं कान देऊन ऐकत होतों. ‘टक्’ असा एकच आवाज आला. मीं पुन्हां टिचकी मारली. पुन्हां एकच आवाज. टिचकी हलकी मारली, जोरानें मारली. सोंगटी कधीं तीन फुटांवर गेली, कधीं आठ फुटांवर. आवाज मात्र प्रत्येक वेळीं एकच. डोळ्यांना हा प्रयोग नीट दिसत नाहीं. तो कानांनीं करावयाचा प्रयोग आहे. आपल्या घरांत टेबल आणि कॅरमच्या सोंगट्या किंवा दोन नाणीं असतील तर हें भाषण संपल्यावर जरूर करून पहा.

आतां हें असें कां होतें तें पाहूं.

वरून सोडलेली वस्तु पडूं लागली, कीं तिचा वेग दर सेकंदास ३२ फुटांनीं वाढत जातो. मीटरच्या हिशेबानें हा आंकडा सुमारें ९.८ आहे, परंतु आज मी जाणूनबुजून फुटांत बोलत आहें, कारण फुटांत हें सारें गणित तोंडीं होतें. आरंभीं वेग शून्य; एका सेकंदाच्या अखेरीस ३२; म्हणजे ह्या सेकंदांतला सरासरी वेग १६, आणि वस्तु १६ फूट खालीं आली. दोन सेकंदांच्या अखेरीस वेग ६४, सरासरी ३२, आणि दोन सेकंदांत मिळून ६४ फूट. तीन सेकंदांत १४४ फूट. सेकंदांचा वर्ग करून त्यास १६ नीं गुणावें, कीं अंतर मिळालें. उलट, उंची ठाऊक असेल तर तिला १६ नीं भागून वर्गमूळ काढावें, कीं वेळ मिळाला. माझ्या ओट्याची उंची ४ फूट. ४ भागिलें १६ म्हणजे पाव, आणि पावाचें वर्गमूळ अर्धा. माझ्या सोंगट्या अर्धा सेकंद हवेंत होत्या. ह्या हिशेबांत उंची आहे. परंतु सोंगटी आडवी किती लांब गेली ह्याचा उल्लेख त्यांत कोठेंही नाहीं.

येथें चिकित्सक श्रोता मला अडवील. तो म्हणेल, “हा हिशेब सरळ खालीं पडणाऱ्या वस्तूचा झाला, आडव्या फेकलेल्या वस्तूलाही तोच लागू पडतो हें कशावरून?” आक्षेप रास्त आहे. त्याचें उत्तर मी आगगाडीच्या डब्यांत बसून देतों.

सोलापुराहून पुण्याकडे आगगाडी समान वेगानें धांवत आहे. आपण बांकावर बसून एक लिंबू सरळ वर, एक फूटभर उडविलें. आपणांस काय दिसेल? लिंबू सरळ वर गेलें आणि सरळ पुन्हां हातांत आलें. गाडी पुढें धांवते आहे म्हणून लिंबू मागें, दुसऱ्याच्या डोक्यावर पडत नाहीं. हा अनुभव सर्वांचा आहे. एक फूट चढावयास त्याला पाव सेकंद लागला, उतरावयास पाव सेकंद. एकूण अर्धा सेकंद. घरीं बैठकींत बसून लिंबू उडविलें असतें तरी इतकाच वेळ लागला असता. आतां हेंच लिंबू बाहेर फलाटावर उभा असलेला हमाल खिडकींतून पाहत आहे. गाडीचा वेग सेकंदास ६० फूट असेल, तर त्या अर्ध्या सेकंदांत आपण, आपला हात आणि तें लिंबू अशीं तिघें ३० फूट पुढें गेलेलीं असतात. म्हणून हमालाला दिसतें तें असें, कीं लिंबू आपल्या हातून सुटलें, कमानीसारखी वाट करीत ३० फूट लांब गेलें, आणि तेथें पुन्हां हातांत पडलें. आपल्या मतें लिंबाची वाट दोन फुटांची, हमालाच्या मतें तीस फुटांहून अधिक लांबीची. परंतु लिंबू हातांत पडण्याचा क्षण दोघांचाही एकच! दोघांच्या घड्याळांत अर्धाच सेकंद होतो. तेव्हां वाट लांब झाली म्हणून वेळ वाढला, असें कसें म्हणावें?

लिंबाची जी आडवी गति आहे ती त्याला गाडीकडून मिळालेली, आणि ती जशीच्या तशी टिकून राहते; तिला वाढवणारें किंवा कमी करणारें, हवा सोडली तर, कोणी नाहीं. उभी गति ही एकट्या पृथ्वीच्या आकर्षणाच्या हुकमतीखालीं आहे, आणि पृथ्वी सरळ खालींच ओढते, आडवी ओढीत नाहीं. ह्या दोन गति एकाच वस्तूच्या अंगीं एकाच वेळीं नांदत असल्या, तरी एकीचा दुसरीशीं कांहीं संबंध नाहीं. एकाच घरांत राहणारे, पण वर्षानुवर्षें एकमेकांशीं न बोलणारे दोन भाऊ आमच्या खेड्यांत असतात, तसा हा प्रकार आहे. वस्तु हवेंत किती वेळ राहील हें उभी गति ठरवते. त्या वेळांत ती किती लांब जाईल हें आडवी गति ठरवते.

नळदुर्गच्या धबधब्याकडे आतां पुन्हां पहा. पाणी कांठावरून सुटतांना आडवा वेग घेऊन सुटतें, म्हणून तें भिंतीला चिकटून न उतरतां पुढें झेप घेतें आणि झरोक्यासमोर पडदा होतो. पाऊस वाढला, पाण्याचा लोंढा जोरांत आला, कीं कमान भिंतीपासून आणखी पुढें सरकते. पाऊस ओसरला, कीं ती भिंतीकडे परतते. परंतु कांठ तोच आणि खालचें पात्र तेंच असेल, तोंवर पाण्याच्या प्रत्येक थेंबाला खालीं यावयास दोन्ही वेळीं सारखाच काळ लागतो. पाण्यावर फेंसाचा एखादा पुंजका दिसला तर त्याच्यामागून नजर खालीं उतरवावी, म्हणजे मी काय म्हणतों तें पटेल. ह्या कमानीच्या आकारास गणितांत अन्वस्त असें नांव आहे. हवेंत फेकलेली प्रत्येक जड वस्तु हाच आकार काढीत जाते. फक्त दगडाची वाट हवेंत उमटत नाहीं आणि पाण्याची उमटते, इतकाच फरक.

आतांपर्यंत आपण आडव्या फेकीचा विचार केला. आतां वर फेकूं. त्यासाठीं मला त्या मुलाची गोफण हवी आहे. दगड गोफणींतून सेकंदास ९६ फूट ह्या वेगानें सुटतो असें धरूं. हा आंकडा मीं हिशेबाच्या सोयीसाठीं निवडला आहे. दगड सरळ वर सोडला, तर पृथ्वीची ओढ त्याच्या वेगांतून दर सेकंदास ३२ फूट वजा करीत जाते: ९६, ६४, ३२, शून्य. तीन सेकंदांत वेग संपला. सरासरी वेग ४८, म्हणून उंची १४४ फूट. उतरतांना तोच हिशेब उलट्या क्रमानें. आणखी तीन सेकंद. दगड सहा सेकंद हवेंत राहिला आणि ज्या वेगानें गेला त्याच वेगानें परत आला.

येथें वर्गांत हमखास एक प्रश्न येतो: “गुरुजी, अगदीं वर पोंचल्यावर दगड किती वेळ थांबतो?” ह्याचें खरें उत्तर, मुळींच थांबत नाहीं. वेग शून्य होतो तो एका क्षणापुरता, आणि क्षणाला लांबी नसते. त्या क्षणाच्या आधीं एक शतांश सेकंद दगड वर जात असतो, नंतर एक शतांश सेकंदानें तो खालीं येत असतो; अत्यंत सावकाश, पण येत असतो. कांहीं मुलांची समजूत असते, कीं त्या टोंकावर पृथ्वीची ओढही क्षणभर सुटते. ती सुटली असती, तर दगड तेथेंच लटकून राहिला असता! ओढ वाटेंत सर्वत्र सारखीच आहे; वर जातांना तीच वेग खाते आणि खालीं येतांना तीच वेग देते. तरीही दगड वर रेंगाळतो असें आपणांस वाटतें त्यांत अगदींच तथ्य नाहीं असें नव्हे. १४४ फुटांपैकीं वरचे ३६ फूट, म्हणजे चौथा हिस्सा, घ्या. ३६ फूट पडावयास दीड सेकंद लागतो. तितकेच चढावयास दीड. म्हणजे सहा सेकंदांपैकीं तीन सेकंद दगड उंचीच्या वरच्या चतुर्थांशांतच घालवतो. उंच उडी मारणारा खेळाडू हवेंत क्षणभर टांगल्यासारखा दिसतो त्याचें कारण हेंच.

तोच दगड आतां तिरपा सोडूं. जमिनीशीं ३० अंशांचा कोन केला, तर ९६ पैकीं उभा वेग निम्मा, म्हणजे ४८ फूट, आणि आडवा सुमारें ८३ फूट होतो. उभा वेग ४८, तेव्हां दीड सेकंद चढण आणि दीड सेकंद उतरण. एकूण तीन सेकंद. तेवढ्या वेळांत आडवें अंतर सुमारें २५० फूट. आतां कोन ६० अंशांचा करा. उभा वेग ८३, आडवा ४८, अशी अदलाबदल झाली. हवेंतला वेळ सुमारें ५.२ सेकंद, आणि आडवें अंतर पुन्हां तेंच, सुमारें २५० फूट! एकाच वेगानें सुटलेले दोन दगड एकाच ठिकाणीं पडले, पण एकाला तीन सेकंद लागले आणि दुसऱ्याला पांच सेकंदांहून अधिक. ह्या दोहोंच्या मधोमध, ४५ अंशांवर सोडलेला दगड सव्वाचार सेकंद हवेंत राहतो आणि सर्वांत लांब, २८८ फुटांवर जातो. सर्वांत लांब जाणारा दगड हा सर्वांत जास्त वेळ हवेंत राहणारा नव्हे. तो मान सरळ वर फेकलेल्या दगडाचा, जो कोठेंच जात नाहीं. ज्वारीचा राखणदार ह्यांतलें गणित जाणत नसेल, पण कणसावर बसलेला थवा उठवावयाचा असतां तो दगड उंच सोडीत नाहीं, सपाट सोडतो. पांच सेकंदांत पांखरांनीं किती दाणे टिपले असते हें त्याला ठाऊक असतें.

आणखी एक उदाहरण घेतों, कारण येथें चांगलीं मुलेंही अडखळतात. दगड जेथून सुटला त्याच पातळीवर पडला, तर चढण्याचा आणि उतरण्याचा वेळ समान. पण किल्ल्याच्या तटावरून वर फेकलेला दगड तटाच्या पायथ्याशीं पडतो, तेव्हां काय? तट ६४ फूट उंच आहे असें समजा. दगड नुसता सोडला, तर दोन सेकंदांत खालीं. आडवा फेकला, तरी दोन सेकंद. आतां तो सेकंदास ४८ फूट वेगानें वर फेकला. दीड सेकंद चढला, ३६ फूट चढला; म्हणजे जमिनीपासून १०० फुटांवर पोंचला. तेथून खालीं १०० फूट. १०० भागिलें १६ ह्याचें वर्गमूळ अडीच. दीड आणि अडीच, चार सेकंद झाले. असे दोन तुकडे पाडले म्हणजे गोंधळ होत नाहीं.

परंतु वरच्या वर्गांतलीं मुलें हें वर्गसमीकरणानें सोडवितात, आणि त्यांना दोन उत्तरें मिळतात: एक, चार सेकंद, दुसरें, उणे एक सेकंद. पुस्तकांत लिहिलेलें असतें, कीं वेळ उणा असूं शकत नाहीं, म्हणून दुसरें उत्तर टाकून द्यावें. मला ही घाई आवडत नाहीं. गणित उगीच बोलत नसतें. उणे एक सेकंद म्हणजे फेकण्याच्या एक सेकंद आधीं. समजा, तटावर कोणी नव्हतेंच. खालीं पायथ्याशीं उभ्या असलेल्या माणसानें एक सेकंद आधीं सेकंदास ८० फूट वेगानें तो दगड वर फेकला. एका सेकंदांत त्याचा वेग ८० वरून ४८ वर आला, सरासरी ६४, म्हणून दगड नेमका ६४ फूट वर, तटाच्या कडेपाशीं आला. आणि तेव्हां त्याचा वेग ४८ होता. ह्यापुढें हा दगड आणि आपला दगड ह्यांत तिळमात्र फरक नाहीं. दगडाला आपला इतिहास ठाऊक नसतो. तो तटावरून सुटला कीं जमिनीवरून आला हें समीकरणालाही ठाऊक नाहीं. म्हणून जमिनीला स्पर्श होण्याचे जे दोन क्षण शक्य होते ते दोन्ही त्यानें प्रामाणिकपणें सांगितले. आपल्या प्रश्नाला पहिलें उत्तर हवें होतें म्हणून आपण तें घेतलें; दुसरें खोटें होतें म्हणून टाकलें असें नव्हे.

माझ्यासारखी चूक करणारे पूर्वीं मोठमोठे लोक होऊन गेले. आमच्या जिल्ह्यांतला परांडा किल्ला तोफांसाठीं प्रसिद्ध. आज विजापूरच्या बुरुजावर असलेली मुलूख-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ सालीं अहमदनगरास ओतली गेली आणि पुढें परांड्यास होती; १६३२ सालीं ती विजापुरास नेण्यांत आली. ती ओतली त्या काळांत युरोपांतही गोळ्याच्या वाटेविषयीं समज असा होता, कीं बारुदीचा जोर आहे तोंवर गोळा सरळ जातो, आणि जोर संपल्यावर खालीं पडतो. इटलींतील तार्ताग्लिया ह्या गणितज्ञानें १५३७ सालच्या आपल्या पुस्तकांत ४५ अंशांवर गोळा सर्वांत लांब जातो हें सांगितलें. पण आडवी आणि उभी गति वेगळ्या काढून, वाट अन्वस्ताची असते हें सिद्ध करून दाखविण्याचा मान गॅलिलिओचा. त्याचें तें पुस्तक १६३८ सालीं निघालें, म्हणजे मुलूख-मैदान परांड्याहून हलल्यानंतर सहा वर्षांनीं. पुढें १७४२ सालीं बेंजामिन रॉबिन्स ह्या इंग्रजानें दाखवून दिलें, कीं तोफेच्या वेगवान गोळ्याला हवेचा अडथळा अतिशय मोठा होतो, आणि गोळा अन्वस्तापेक्षां पुष्कळ अलीकडे पडतो. तेव्हां मीं वर दिलेले हिशेब हे हवेकडे दुर्लक्ष करून केलेले आहेत हें विसरूं नये. हातानें फेकलेल्या दगडाला त्यांतली चूक थोडी. पिसाला आणि कागदाला ते मुळींच लागू नाहींत. जेथें हवाच नाहीं तेथें पिसालाही लागू आहेत. १९७१ सालीं अपोलो-१५ च्या डेव्हिड स्कॉटनें चंद्रावर एक हातोडी आणि एक पीस एकदम सोडून तें दाखविलें. दोन्ही बरोबर पडलीं. मात्र चंद्राची ओढ आपल्या एकषष्ठांश, म्हणून आमच्या गोफणीचा दगड तेथें सहा सेकंदांऐवजीं छत्तीस सेकंद वर राहील.

दोन्ही चेंडू एकदम पडतात ह्या नियमाला एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. मीं मैदान सपाट धरलें. पृथ्वी गोल आहे. एका सेकंदांत वस्तु १६ फूट पडते. आणि पृथ्वीचा पृष्ठभाग सुमारें पांच मैलांवर तेवढाच, १६ फूट, खालीं वांकलेला असतो. तेव्हां हवेच्या वर जाऊन कोणी सेकंदास पांच मैल वेगानें गोळा आडवा फेकला, तर तो पडतच राहील आणि जमीनही त्याच्याखालून तितकीच वांकत राहील. हा विचार न्यूटननें डोंगरावरच्या तोफेचें उदाहरण घेऊन मांडला होता. आज आकाशांत फिरणारे आपले उपग्रह म्हणजे असे पडत राहिलेले दगडच होत. त्यांच्या हवेंतील वेळेचा हिशेब सेकंदांत मांडून भागत नाहीं.

आतां त्या मुलाविषयीं. दिवाळीची सुटी संपली, शाळा उघडली, आणि मीं वर्गांत सोंगट्यांचा प्रयोग करून दाखवून माझें उत्तर चुकीचें होतें असें सांगितलें. पण ज्याला सांगावयाचें तो वर्गांत नव्हता. आमच्या भागांतलीं कित्येक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेरच्या जिल्ह्यांत जातात, आणि मुलेंही त्यांच्याबरोबर जातात. तोही आईबापांबरोबर गेला होता. त्याची जागा सारा हिंवाळा रिकामी राहिली. चैत्र सरतां सरतां एके दिवशीं तो दाराशीं उभा राहिलेला दिसला. उन्हानें काळवंडलेला, उंच झालेला. मीं त्याला आंत बोलावलें आणि साऱ्या वर्गासमोर सांगितलें, कीं बाळ, नळदुर्गला तूं म्हणालास तें खरें होतें, मी चुकलों.

त्याला विशेष आश्चर्य वाटलेलें दिसलें नाहीं. “म्या तर तवाच म्हनलं व्हतं,” तो म्हणाला; आणि थोडें थांबून त्यानें विचारलें, “मग गुर्जी, ते दोन मार्क?”

मीं गुणांची वही काढली. जुना आंकडा खोडला, शेजारीं नवा लिहिला आणि खालीं सही केली. तो वहींत वांकून पाहत होता. मग त्यानें टेबलावरच्या दोन्ही सोंगट्या उचलल्या, एक कडेवर ठेवली, दुसरीला टिचकी मारली, आणि कान देऊन ऐकूं लागला.